कारणाचा रकाना

तळोद्याच्या त्या शाळेत कुठलीही किल्ली उमाकांतरावांच्या नोंदीशिवाय खुंटीवरून हलत नसे. प्रयोगशाळेची असो, खेळाच्या कपाटाची असो, नाव, वेळ आणि सही झाल्यावरच ती हातात पडायची. एकदा मुख्याध्यापिका फाल्गुनी मॅडम आपल्या केबिनची किल्ली घरी विसरल्या आणि कार्यालयातली दुसरी मागायला आल्या. उमाकांतरावांनी आधी रजिस्टर पुढे सरकवलं, मग किल्ली. मॅडम हसल्या, पण सही करूनच गेल्या.

उमाकांतराव मूळचे धानोऱ्याचे. नंदुरबारच्या कॉलेजातून बी. कॉम. झाले आणि कनिष्ठ लिपिक म्हणून या शाळेत लागले, ते एकतीस वर्षं इथेच. शिक्षक, पालक, मुलं, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. कोरा कागद दिसला की आधी समास आखायचा, ही त्यांची सवय. अक्षर असं, की जुन्या मुलांचे दाखले पाहूनच लोक विचारत, "हे भाऊसाहेबांचं ना?" घरी मात्र या शिस्तीचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांच्या पत्नी रुखमाबाई शेजारणींना सांगत, "मन्हा घरधनी सपनमा बी आवक-जावक लिखस."

मे महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते. त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये शाळेत तो टॅब आला.

एका संस्थेने जिल्ह्यातल्या काही शाळांना असे टॅब दिले होते. मोबाईलवरून ज्या मुलांची टिंगल होते, फोटो फिरवले जातात, धमक्या येतात, त्या मुलांनी शाळेतच एका खोलीत बसून समुपदेशकाशी बोलायचं. लिहून बोला, आवाज रेकॉर्ड करून बोला, नाहीतर समोरासमोर व्हिडिओवर. प्रत्येक मुलाला एक क्रमांक. नाव फक्त समुपदेशकाला ठाऊक. नाशिकहून मयूरी नावाच्या एक ताई शाळेच्या वेळात पलीकडे हजर असायच्या. टॅब संगणक कक्षाच्या आतल्या लहान खोलीत बसवला आणि त्या खोलीची जबाबदारी ओघानेच उमाकांतरावांकडे आली.

पहिल्या दिवशी मयूरीताईंनी पडद्यावरून सगळं समजावून सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "किती मुलं येतात याची नोंद तेवढी ठेवा, सर."

"ती काळजी नको, ताई," उमाकांतराव म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी शंभर पानी नवं रजिस्टर काढलं. पानांवर क्रमांक घातले. पहिल्या पानावर 'या रजिस्टरात एकूण १०० पाने आहेत' असं लिहून त्याखाली मॅडमची सही घेतली. मग प्रत्येक तुकडीला एक पान देऊन रकाने आखले. अनुक्रमांक, तारीख, विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता व तुकडी, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कारण, सही. ते संगणक कक्षाच्या दाराशी टेबलावर ठेवलं आणि कुणी पेन नेऊ नये म्हणून ते दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधलं. काम मनासारखं झालं म्हणून त्या दिवशी ते दहा मिनिटं उशिरा घरी गेले.

पहिल्या तीन आठवड्यांत दोन मुली आल्या. रजिस्टर पाहून एक दारातूनच परत गेली. उमाकांतरावांना वाटलं, लाजाळू असेल.

मग दिवाल्या आला. नववी ब मधला दिवाल्या जान्या पावरा. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा, तळोद्याला वसतिगृहात राहणारा. अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. टेबलाशी येऊन तो उभाच राहिला.

"नाव?" उमाकांतरावांनी विचारलं. नाव त्यांना ठाऊक होतं, पण विचारायची पद्धत होती. त्याने सांगितलं. त्यांनी लिहिलं, वेळ टाकली.

"कारण?"

"असंच, भाऊसाहेब."

"असंच हे कारण होत नाही. रकाना कोरा ठेवता येत नाही, बेटा."

मुलाने पेनाच्या दोऱ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं. "होळीच्या फोटोवरून चिडवतात," तो म्हणाला.

उमाकांतरावांनी ते शब्द वळणदार अक्षरात लिहून घेतले. त्याने सही केली आणि आत गेला. पस्तीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यात फरक होता. नाक पुसत होता, पण चालणं सैल होतं. पुढच्या दोन आठवड्यांत तो आणखी तीनदा आला. कारणाच्या रकान्यात उमाकांतरावांनी तिन्ही वेळा 'वरीलप्रमाणे' लिहिलं. मुलगा येतोय याचा त्यांना आनंदच होता. कसला फोटो, हे त्यांनी विचारलं नाही. तो आपला प्रांत नाही, असं ते धरून चालले होते.

पुढच्या रविवारी दुपारी ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. गल्लीतलाच मयंक, त्यांच्या चुलत भावाचा नातू, तोही नववी ब मधला, सायकल टेकवून जवळ आला.

"नाना, तुम्हनं अक्षर गाजी ऱ्हायनं."

"कोठे रे?"

"हाई देखा." त्याने मोबाईल पुढे केला.

उमाकांतरावांनी चष्मा लावला. पडद्यावर वर्गाच्या ग्रुपमध्ये रजिस्टरचं पान सात होतं. चार ओळी, चारही त्यांच्या अक्षरातल्या. दिवाल्याचं पूर्ण नाव, तुकडी, वेळा आणि कारण. खाली कुणीतरी टाकलं होतं, 'आता सरकारी नोंद झाली. भोपळ्यावर भाऊसाहेबांचा शिक्का.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. बोटाने वर सरकवलं तर आणखी चित्रं होती. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे, डोक्यावर उंच टोप घातलेला दिवाल्या. एकात त्याला माकडाचं शेपूट चिकटवलं होतं. एकाखाली लिहिलं होतं, 'गणितात एक भोपळा, होळीत डझनभर.'

"कोनी काढा हाऊ फोटो?"

"माले काय माहीत. सगळासकडे शे. गंमत शे, नाना."

"रजिस्टर कोनी उघडं?"

"उघडं काय करनं? टेबलवर उघडंच ऱ्हास. तुम्हीनच तं ठेवतस, सही कराले."

उमाकांतरावांनी मोबाईल परत दिला. मयंक सायकलवर बसून निघून गेला. रुखमाबाई आतून म्हणाल्या, "चहा थंडा व्हई गया तुम्हना." त्यांनी ऐकलंच नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही नोंदीने कुणाचं नुकसान केलं नव्हतं, अशी त्यांची समजूत होती. कुणी चूक काढली असती तर त्यांनी रजिस्टर पुढे केलं असतं. आता रजिस्टरच पुढे आलं होतं.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच ते वसतिगृहात गेले. दिवाल्या नव्हता. पहारेकऱ्याने सांगितलं, "कालच गेला जीपने. पेटी घेऊन गेला." सुटीला जाणारी मुलं पिशवी घेऊन जातात. पेटी नेणारा मुलगा परत येत नाही, हे वसतिगृहात सगळ्यांना माहीत असतं.

शाळेत पोचले तर कार्यालयातला फोन वाजत होता. मयूरीताई होत्या.

"सर, चौदा क्रमांकाचा मुलगा शाळेत आलाय का?"

क्रमांक त्यांना ठाऊक नव्हता, पण मुलगा कोणता ते कळलं. "नाही, ताई. गावी गेला. पेटीसकट."

"तो काय बोलला ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण आज त्याला कुणीतरी मोठ्या माणसाने भेटायला हवं. उद्या नको, आजच. त्याच्या आईला सांगा, दोन दिवस त्याला एकट्याला सोडू नका. आणि मला त्याच्याशी बोलता आलं तर फार बरं."

"मी जातो," उमाकांतराव म्हणाले. "ताई, चूक माझी आहे." आणि त्यांनी रजिस्टरचं सगळं सांगितलं.

"मी नोंद म्हणजे आकडा म्हणाले होते," मयूरीताई हळू आवाजात म्हणाल्या. "मीही स्पष्ट बोलायला हवं होतं. आधी जाऊन या, सर. बाकीचं नंतर."

फाल्गुनी मॅडमनी सगळं ऐकलं तेव्हा त्यांनी रजिस्टर मागवून पहिलं पान उघडलं. स्वतःच्या सहीकडे पाहत म्हणाल्या, "यावर मीही सही केली आहे, भाऊसाहेब. रकाने न वाचता. तुम्ही निघा. त्या ग्रुपचं मी बघते. उद्या परिपाठात एकेकाचं नाव वाचते."

"मॅडम," उमाकांतराव दारातून वळले, "नावं वाचू नका. नाव वाचल्यानेच हे झालं."

मॅडमनी मान डोलावली.

उमाकांतरावांनी रजिस्टर कापडी पिशवीत घातलं आणि साडेदहाची जीप पकडली. जीपमध्ये पंधरा माणसं, दोन कोंबड्या आणि खताचं एक पोतं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुठं चालले गुरुजी?" ते म्हणाले, "एका मुलाकडे." एवढ्यावर त्याचं समाधान झालं. एरवी उमाकांतरावांनी स्वतःच पुढचं सगळं सांगितलं असतं, गाव, काम, परतीची वेळ. आज काही सांगावंसं वाटेना. मांडीवरच्या पिशवीचं वजन तेवढं जाणवत होतं. वाटेत एक उघडी विहीर दिसली आणि त्यांनी तिकडून डोळे काढून घेतले. मयूरीताईंचे 'उद्या नको' हे दोन शब्द घाटभर सोबत होते.

जीप थांबली तिथून पाऊण तास चढ होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी कार्यालयातल्या बुटांनी तो चढणं सोपं नव्हतं. पाड्यावर पोचले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

दिवाल्या अंगणात आईसोबत मक्याची कणसं सोलत बसला होता.

त्याला पाहिल्यावर उमाकांतराव अंगणाच्या कडेलाच बसले. पाय दमले होते म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण मुलगा समोर धडधाकट बसलेला होता, हे खरं कारण.

दिवाल्या उभा राहिला. "भाऊसाहेब, तुम्ही कशाला आले? मी शनिवारी येणारच होतो दाखला घ्यायला."

दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो उमाकांतरावच लिहीत. त्यातही एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण.

"दाखल्यावर कारण काय लिहाल?" मुलाने विचारलं. आवाजात राग नव्हता, हेच त्यांना जास्त लागलं.

"दाखला लिहायला मी आलोच नाही," ते म्हणाले. "आधी पाणी दे."

आई कालीबाईने पाण्याचा तांब्या दिला आणि मुलाला पावरी बोलीत काहीतरी विचारलं. तिला मराठी फार थोडी येई. नवरा जान्या गुजरातेत कामावर गेलेला. घरात ही दोघं आणि एक शेळी.

"तिला सांग," उमाकांतराव म्हणाले, "की शाळेत तुझ्याबद्दल जे झालं त्यात माझी चूक आहे. मी तुझं नाव आणि कारण लिहून टेबलावर उघडं ठेवलं. तू विश्वासाने सांगितलंस आणि मी ते बाजारात मांडलं."

दिवाल्याने आईला दोनच शब्द सांगितले. ती मात्र बरंच बोलली. हात हलवत, मध्येच कणीस आपटत.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बसा."

"एवढं लांब बोलली आणि तू एवढंच सांगतोस?"

"बाकीचं तुम्हाला शिव्या आहेत, भाऊसाहेब."

उमाकांतराव हसले. बऱ्याच तासांनी हसले. "मग बरोबर आहे. सगळ्या सांग, मी बसतो ऐकत."

मुलाच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. त्याने शिव्या सांगितल्या नाहीत, पण हळूहळू दुसरं सांगितलं. सातपुड्यातल्या होळीत नवस बोललेले पुरुष बुध्या होतात. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला पोकळ भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा मोरपिसं लावलेला टोप. होळीआधी काही दिवस पाळणी पाळायची, अनवाणी चालायचं, खाटेवर बसायचं नाही. सलग पाच वर्षं. दिवाल्याची चार झाली होती. मार्चमधल्या होळीत बघायला आलेल्या कुणीतरी व्हिडिओ काढला आणि शाळा उघडल्यावर तो वर्गाच्या ग्रुपवर पोचला. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की मागून कुणीतरी तोंडाने घुंगरू वाजवायचं. वसतिगृहात त्याच्या ताटात कुणीतरी भोपळ्याची भाजी वाढून फोटो काढला होता.

"मयूरीताईंशी बोलून बरं वाटायचं," तो म्हणाला. "मी मध्येच पावरीत बोलायचो. ताई थांबवायच्या. म्हणायच्या, हा शब्द काय, मला शिकव. मग मी शिकवायचो. त्यांना आता बारा शब्द येतात." तो थांबला. "मग ते पान आलं. मला वाटलं, आता सांगायलाही जागा नाही. पाचवं वर्ष मी करणार नाही, भाऊसाहेब. शाळाही नको आणि बुध्याही नको."

कालीबाईला शेवटचा शब्द कळला असावा. ती उमाकांतरावांकडे वळून तुटक मराठीत म्हणाली, "आमच्या पाड्यात कोण बुध्या, सगळे बघतात. कशाला बुध्या, कोण विचारत नाय. मी आई. मी पण नाय विचारलं."

उमाकांतरावांनी तांब्या खाली ठेवला. चार वर्षं हा मुलगा साऱ्या गावासमोर रंगून नाचत होता, आणि नवस कशासाठी, हे सख्ख्या आईने विचारलं नव्हतं. त्यांनी मात्र टेबलाशी उभं करून पहिल्याच मिनिटाला विचारलं होतं, रकाना कोरा ठेवता येत नाही म्हणून.

त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि पान सात उघडलं. चालू रजिस्टरचं पान फाडणाऱ्या एका शिपायाशी ते पूर्वी सहा महिने बोलले नव्हते. त्यांनी पट्टी मागितली. घरात पट्टी नव्हती. मग त्यांनी हातानेच पान शिवणीपाशी दुमडलं, नखाने दोनदा घडी घातली आणि सावकाश फाडलं. कड वाकडी आली.

"चुलीत घाल," ते म्हणाले.

दिवाल्या बघतच राहिला. "पण त्यावर नंबर आहे, भाऊसाहेब. मॅडमची सही आहे पुढे, शंभर पानांची."

"नव्याण्णव झाली आता."

मुलाने पान चुलीत घातलं. कागद पेटला, कणसं भाजायची होती त्या आगीतच. कालीबाईने काही विचारलं आणि या वेळी दिवाल्याने तिला नीट, लांब सांगितलं.

एवढं झालं, पण उमाकांतरावांना चैन पडेना. त्यांनी खिशातलं पेन काढलं, गुडघ्यावर रजिस्टर ठेवलं आणि पुढच्या पानावर लिहिलं, 'पान क्र. ७ मी स्वतः काढून नष्ट केले आहे.' खाली सही, तारीख. वेळसुद्धा, दुपारी २.१०.

दिवाल्या वाकून वाचत होता. तो हसायला लागला. आधी दाबून, मग मोकळं. "फाडलं तेही लिहिलं?"

"लिहायला नको का? उद्या कुणी विचारलं तर?"

"आणि कारण?"

उमाकांतरावांनी पेनाचं टोपण लावलं. "कारणाचा रकाना आता नाही."

जेवणं झाली, भाकरी आणि भाजलेली कणसं. मग पाड्याच्या वरच्या अंगाला, जिथे रेंज येते त्या मोहाच्या झाडाखाली, उमाकांतरावांनी मयूरीताईंना फोन लावून मुलाच्या हातात दिला आणि स्वतः चाळीस पावलं लांब जाऊन उभे राहिले. ते बराच वेळ बोलत होते. एकदा मुलाचा आवाज फुटलेला ऐकू आला, नंतर पावरीतला एखादा शब्द दोनदा म्हटलेला. त्यांनी घड्याळात पाहिलं नाही. परतताना दिवाल्याने येतो असंही म्हटलं नाही आणि नाही असंही नाही. कालीबाईने सहा कणसं पिशवीत कोंबली आणि खुणेने सांगितलं की मुलावर तिची नजर आहे.

पुढचे दोन दिवस उमाकांतरावांनी काम नीट केलं नाही. एका पत्रावर मागच्या वर्षाची तारीख पडली. मॅडमनी ती दाखवून पत्र परत दिलं. मयूरीताई रोज दिवाल्याशी फोनवर बोलत होत्या, एवढं त्यांना कळलं होतं. त्यापुढचं त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी ते शाळेकडे निघाले असताना स्टँडवर वरच्या पाड्यांकडची जीप येऊन थांबली. टपावर पोत्यांच्या मध्ये एक निळी पत्र्याची पेटी बांधलेली होती. मुलगा दिसायच्या आधी त्यांना पेटी दिसली. ते तिथेच एका चहाच्या टपरीच्या बाकावर बसले, चहा मागवला आणि सगळा गरम गरम संपवला.

त्यानंतर शाळेत बरंच काही झालं. मॅडमनी त्या ग्रुपमधल्या मुलांच्या पालकांना एकेकटं बोलावलं. मयूरीताईंनी नववीच्या दोन्ही तुकड्यांशी मोठ्या पडद्यावर तासभर गप्पा मारल्या. कुणाचं नाव न घेता त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्या घरातली एखादी गोष्ट अशी फिरली तर? ग्रुप बंद झाला. व्हिडिओ जिथे जिथे चढवला होता तिथे तक्रार करून तो काढायला लावला. दोन ठिकाणी निघाला, एका ठिकाणी निघायला महिना लागला. तोंडाने घुंगरू वाजणं एका दिवसात थांबलं नाही. आधी कमी झालं, मग कंटाळवाणं झालं, मग थांबलं.

संगणक कक्षाच्या दारातून रजिस्टर गेलं. त्याच्या जागी दोन डबे आले. एका डब्यात कालीबाईच्या कणसांचे दाणे. आत जाणाऱ्याने एक दाणा उचलून दुसऱ्या डब्यात टाकायचा. नाव नाही, वेळ नाही, सही नाही. महिनाअखेरीला उमाकांतराव दाणे मोजून मयूरीताईंना आकडा कळवत. नोव्हेंबरात दाण्यांना कीड लागली तेव्हा त्यांनी चिंचोके आणले. सप्टेंबरात तीन दाणे होते. डिसेंबरात एकोणीस चिंचोके झाले. पूर्वी दारातून परत गेलेली ती मुलगीही त्यांत होती की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत एका संध्याकाळी मयंक ओट्यापाशी आला. बराच वेळ सायकलची घंटी वाजवत राहिला.

"नाना, त्या पानना फोटो मीच काढा व्हता."

"माले माहीत शे."

"कसं काय?"

"फोटोना कोपरामा तुन्हा अंगठा शे. भाजेल खूण दिसस."

मयंकने अंगठा मुठीत लपवला. "मंग बोलनात नही तुम्ही?"

"तू सांगशी म्हनीसन वाट देखी ऱ्हायनू."

मयंकने सायकलची घंटी पुन्हा एकदा वाजवली. मग म्हणाला, "त्या खोलीमा मन्हासारखानी जावं तं चालस का?"

"चालस."

"नाव लिखतस?"

"नही," उमाकांतराव म्हणाले. "आते नही लिखत."

फेब्रुवारीच्या शेवटी, होळीच्या आधी, दिवाल्या कार्यालयात आला. हातात रजेचा अर्ज होता. वसतिगृहातल्या मुलांच्या लांब रजा उमाकांतराव एका वेगळ्या वहीत उतरवून घेत. त्यांनी अर्ज न वाचताच वही ओढली, नाव लिहिलं, तारखा लिहिल्या आणि कारणाच्या जागी 'होळी' लिहून पेन खाली ठेवलं.

"भाऊसाहेब, अर्जात आहे ते पूर्ण लिहा," दिवाल्या म्हणाला.

उमाकांतरावांनी अर्ज वाचला. अक्षर थोडं तिरकं, पण ठसठशीत होतं. 'मी बुध्या होतो. यंदा माझ्या पाळणीचे पाचवे व शेवटचे वर्ष आहे. तरी आठ दिवसांची रजा मिळावी.' खाली पूर्ण नाव, दिवाल्या जान्या पावरा, इयत्ता नववी ब.

"लिहिलंच पाहिजे असं नाही," उमाकांतराव म्हणाले. "होळी एवढं पुरतं."

"मला माहीत आहे. म्हणून तर लिहिलं." आणि मग जरा हसून, "रकाना कोरा ठेवता येत नाही, भाऊसाहेब."

त्यांनी 'होळी' या शब्दापुढे उरलेलं सगळं लिहिलं. एवढं मावेना म्हणून शेवटचे दोन शब्द त्यांना समासात घ्यावे लागले. समासात लिहिण्याची त्यांच्या नोकरीतली ती पहिली वेळ.

नऊ दिवसांनी दिवाल्या परतला. रजा आठच दिवसांची होती. मधल्या सुटीत तो नळावर पाणी पीत होता तेव्हा मयंक मागून म्हणाला, "ए दिवाल्या, कानामागे पांढरं राहिलंय." खिडकीतून ऐकणाऱ्या उमाकांतरावांचा हात टेबलावर थांबला.

दिवाल्याने कानामागे बोट फिरवून राखेचा ठिपका चाचपला. "राहू दे," तो म्हणाला. "आपोआप जाईल." मग त्याने नळ मयंकसाठी सोडला.

उमाकांतरावांनी वही उघडली आणि जादाच्या एका दिवसापुढे 'रजा मंजूर' असं लिहिलं. ते कुणाच्या आदेशाने, हे त्यांनी लिहिलं नाही.